सव्वादोन इंचांचा वाटाड्या

हातातला जीपीएस घ्यायचा बेत घरात बोलून दाखवला की पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. “अहो, रस्ता विचारायला तोंड नाही का?” असा येतो. पाठोपाठ दुसरा: “आणि फोनात असतं ते काय?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना उत्तरं शोधता शोधता आपल्याला नेमकं काय हवंय ते आपल्यालाच पहिल्यांदा कळतं.

मला हवं होतं ते असं. शनिवारी मोटरसायकलच्या हँडलला लावून पायथ्याचं गाव गाठायचं, आणि रविवारी तेच यंत्र काढून खिशात टाकून डोंगर चढायचा. एका तिकिटात दोन खेळ, ही आपली जुनी हौस. दुकानदार अशा गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही. “दोन्हीला चालतंय की साहेब,” म्हणतो. त्याला ना घाट चढायचा असतो, ना गाडी चालवायची.

गाडीवरच्या माणसाला मोठा पडदा हवा, मोठी अक्षरं हवीत आणि कानात कुणीतरी “पुढे उजवीकडे वळा” म्हणायला हवं. चालणाऱ्याला हवं हलकं, दणकट, दिवसभर पुरणारं यंत्र, आणि त्याने तोंड बंद ठेवलेलं बरं. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स घ्या. वजन दीडशे ग्रॅमच्या आत, पडदा २.२ इंचांचा. कातळावर बसून बघायला झकास. तेच हँडलवर, साठच्या वेगात, हेल्मेटच्या काचेतून आणि चाळिशीच्या चष्म्यातून बघायचं, म्हणजे टपालाच्या तिकिटावर छापलेलं पंचांग वाचायचं. शिवाय गाडीची थरथर. सेलवर चालणाऱ्या यंत्रात सेल क्षणभर जागचा हलला तरी वीज तुटते आणि ऐन फाट्यावर पडदा काळा होतो. उपाय आहे: गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढून घ्यायची.

थरथरीचं भय फोनलाही आहे. २०२१ साली ॲपलनेच सांगितलं, की जोरदार इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन थेट अडकवला तर त्याचा कॅमेरा बिघडू शकतो. रस्ता सापडायचा आणि पोचल्यावर फोटो धूसर यायचे. कंपने शोषणारा माउंट लावला की हा धोका कमी होतो.

वाटा सुचवण्याच्या बाबतीत मात्र सगळी यंत्रं एकाच शाळेतली. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ निवडा आणि गंमत बघा. यंत्र तुम्हाला उसामधल्या पाणंदीत नेऊन सोडतं. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली, मध्ये तुम्ही, आणि पडद्यावर ठळक रेघ.

आता घरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. फोनला रेंज नसली की जीपीएसही बंद पडतो, ही समजूत चुकीची आहे. फोन काय आणि वेगळं यंत्र काय, दोघंही ऐकतात ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचावरच्या उपग्रहांचं. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, आणि ते काम घरूनच उरकता येतं. उपग्रह मात्र निदान चार दिसावे लागतात. तिघांवरून जागा ठरते. चौथा हवा, कारण उपग्रहांत अणुघड्याळं असतात आणि आपल्या हातातल्या यंत्राचं घड्याळ स्वस्तातलं. त्याची चूक हा चौथा काढतो. चार माणसांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये, असं आमच्या घरी लहानपणापासून सांगत आले. जीपीएस उभारणाऱ्या अमेरिकेच्या वायुदलाचाही तोच नियम निघाला.

ही चार माणसं पूर्वी मुद्दाम गोलमाल बोलत. सामान्य लोकांसाठीच्या संदेशात शंभरेक मीटरची चूक जाणूनबुजून मिसळलेली असे. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने ती काढून टाकली. सपाट मुलखात शंभर मीटरने बिघडत नाही. सह्याद्रीत तेवढ्यात तुम्ही कड्यावर आहात की कड्याखाली, हे ठरतं.

आजही सांदण दरीत किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत शिरलात की आकाशाची चिरोटी उरते. चौघं एकदम दिसत नाहीत. जे दिसतात त्यांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतात, आणि तुम्ही घळीत असताना यंत्र तुम्हाला कड्याच्या पोटात उभं करतं. तिथे ‘डोंगरयात्रा’ या पुस्तकातलं आनंद पाळंद्यांचं वर्णन आठवावं, नाहीतर पायथ्याच्या गावातल्या वाटाड्या मामांना सोबत घ्यावं.

तरीही चालायला वेगळं यंत्र हवं, असं मी म्हणतो ते जुलै महिन्यामुळे. पावसात टचस्क्रीनवर तुमच्याआधी थेंबच बोटं चालवतात. नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, मध्येच कुणाला तरी फोन लागतो. बटणांच्या यंत्राला पावसाशी देणंघेणं नसतं. दोन पेन्सिल सेलवर ते पंचवीसेक तास चालतं. मात्र सेल अल्कलाइन घ्यावेत किंवा रिचार्जेबल, आणि कुठले घातलेत ते यंत्राला सांगावं, नाहीतर ते उरलेल्या चार्जचा चुकीचा हिशेब दाखवतं. गावच्या किराणा दुकानातले साधे सेल भिंतीवरच्या घड्याळासाठी असतात.

काही महाग मॉडेलांत हवेच्या दाबावरून उंची सांगण्याची सोय असते. घाटवाटेत ती कामाला येते, कारण आपण डोंगराच्या कुठल्या पदरात आहोत हे उंचीवरून पटकन कळतं. पण दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की आकडा साधारण नऊ मीटरने चढतो. रात्री हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपावं, बाहेर हवा बिघडावी, आणि सकाळी उठून बघावं तर निजल्या जागी आपण वीस मीटर वर गेलेले. इतक्या कमी कष्टात एवढी उन्नती दुसरीकडे होत नाही.

नकाशे ओपनस्ट्रीटमॅपचे फुकट मिळतात, ते भरून घ्यावेत. दुसऱ्याने चालून नोंदवलेला मार्गही मिळतो, पण तो जरा जपून. त्या भल्या माणसाने करवंदाच्या जाळीभोवती घातलेली प्रदक्षिणा तुम्हीही इमानेइतबारे घालता. तो ढोरवाटेला लागला असेल तर तुम्हीही लागता, आणि मळलेली वाट दहा पावलांवर राहून जाते.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी, संकटाची हाक देणारी जी यंत्रं परदेशात सर्रास विकतात, ती भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. ती जवळ सापडल्याने गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अडवल्याच्या बातम्या २०२४ च्या डिसेंबरात आल्या होत्या. अमेरिकेतला भाचा सुट्टीत “मामा, काय आणू?” म्हणाला, तर हे मागू नका.

तेव्हा माझा निवाडा असा. दोन्हीला चालेल असं एक यंत्र शोधू नका. गाडीसाठी खिशातला फोन, चांगला माउंट आणि आधी उतरवून ठेवलेला नकाशा पुरे. पैसे खर्चायचेच असतील तर ते चालण्यासाठी, बटणांच्या, सेलवर चालणाऱ्या यंत्रावर खर्चा. गडावर पोचलात की गुहेची आणि उतरणीच्या तोंडाची जागा त्यात नोंदवा, कारण धुकं आलं की पठारावर सगळ्याच दिशा सारख्या दिसतात. आणि घेतल्यावर आधी आठवडाभर ते घराजवळच्या टेकडीवर फिरवा. माहितीपुस्तिका घरी चहासोबत वाचायची असते, नाळेच्या तोंडाशी भर पावसात नव्हे.