ममी शिकवू पाहणाऱ्या नवशिक्या गुरुजींसाठी

आधी मुहूर्ताचं बोलू. आषाढ-श्रावणात ममीच्या वाटेला जाऊ नये. गोंदिया जिल्ह्यात तेव्हा रोवणी चालू असते, अर्धा वर्ग बांधीत असतो, आणि उरलेल्या अर्ध्यापुढे प्रयोगासाठी मीठ काढलंत तर ते बरणीतच पाणी सुटून बसलेलं असतं. धान कापून, मळून घरात आलं, दिवाळी झाली, की सुरू करा. थंडीत मीठही कोरडं असतं आणि पोट्टेही.

पात्रतेची फार चिंता नको. इजिप्त पाहिलेला असण्याची अट नाही. नाईलच्या जागी वैनगंगा चालते. पूर ओसरल्यावर मागे गाळ राहतो म्हणजे काय, हे तिरोड्याच्या पोराला पुस्तकातून समजावावं लागत नाही. अट एकच, आणि तीच बहुतेकांना जड जाते: वाचता वाचता गप्प राहता आलं पाहिजे.

साहित्य म्हणून एक पुस्तक घ्या. गोष्टीचं नव्हे, खरंखुरं घडलेलं सांगणारं. पाचवीच्या परिसर अभ्यासात इजिप्त येतो, पण आला तसा निघूनही जातो. मीना प्रभूंचं ‘इजिप्तायन’ मोठ्यांसाठी आहे, ते तुम्ही आधी वाचून ठेवा. मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट उघडतो. मुलांच्या हातात मात्र चित्रांचं पुस्तक हवं. इंग्रजी असलं तरी बिघडत नाही. चित्राखालची ओळ तुम्ही मराठीत सांगाल, ती मागच्या बाकावर पोहोचेपर्यंत पवारीत आणि गोंडीत झालेली असेल.

पुस्तक शाळेच्या लोखंडी कपाटात असतं. इथे नवशिक्याने व्यवस्था समजून घ्यावी. पोराने हात लावला तर पुस्तक फाटतं, फाटलं तर नोंदवहीत चढतं, चढलं तर कुणीतरी जाब विचारतं. म्हणून नवं पुस्तक आलं की त्याला खाकी कव्हर घालायचं, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा आणि कुलूप लावायचं. मग ते वाळवी वाचते. तिची नोंद ठेवावी लागत नाही.

या बाबतीत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी फार घोळ घालून ठेवला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याघरचा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला. त्याच्या संग्रहालयात इजिप्तची ममी आली; ती आजही वडोदऱ्याला आहे. त्याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढे १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. म्हणजे ममी काचेच्या कपाटात आणि पुस्तकं गावात. आपल्याकडे ममी नाही. कपाट रिकामं दिसू नये म्हणून आपण त्यात पुस्तकं ठेवतो. गोंदियाहून हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस थेट वडोदऱ्याला जाते. सहलीच्या परवानगीचा कागद मात्र इतका थेट जात नाही, तेव्हा वाचनावरच भागवा.

आता प्रत्यक्ष वाचन. नावावरचा विनोद पहिल्याच मिनिटाला होईल, होऊ द्या. शापाची गोष्ट तुम्ही नाही सांगितली तरी कुणीतरी यूट्यूबवरून आणलेलीच असते. ती दामटून बंद करू नका, फक्त फळ्यावर तारखा मांडा. तुतनखामुनची कबर हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ला सापडली. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३च्या एप्रिलमध्ये गेले. डास चावलेली जागा चिघळून रक्तात विष भिनलं होतं. आणि कबर उघडणारा कार्टर स्वतः? तो १९३९ला वारला. वजाबाकी पोरं करतील. शापाला सतरा वर्षं का लागली, याचं उत्तर गावातल्या भुतांच्या जाणकारांकडेही नसतं.

मेंदूचं पान खिचडीच्या आधी घ्यावं की नंतर, यावर अनुभवी गुरुजींत दोन पंथ आहेत. नाकातून धातूचा आकडा घालून मेंदू बाहेर काढत, हे ऐकून पोरांच्या जेवणावर काहीही परिणाम होत नाही. होतो तो गुरुजींच्या. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढून चार बरण्यांत ठेवत. हृदय मात्र जागच्या जागी, कारण माणूस विचार करतो तो हृदयाने अशी समजूत होती आणि मेल्यावर न्यायासनापुढे त्याचंच वजन व्हायचं होतं. मेंदू टाकून देत. इथे शिक्षणखात्यावर कोटी सुचेल, ती गिळा.

त्यापेक्षा नेस्पेरेन्नुब सांगा. कर्नाकच्या देवळातला हा पुजारी, सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा. ब्रिटिश म्युझियमची ही ममी २०१२-१३ मध्ये मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. पट्ट्या न सोडता तिचा सीटी स्कॅन केला, तर डोक्याला मागून मातीचं वाडगं चिकटलेलं! कारागिरांनी राळ ओतताना ठेवलं असावं, राळ सुकली, वाडगं निघेना, मग तसंच गुंडाळून टाकलं. घरकुलाचं बांधकाम जवळून पाहिलेल्या पोरांना यात नवल वाटत नाही.

मग तो प्रश्न येतो ज्यासाठी ही सगळी खटपट करायची: “तो सडला काहून नाही जी?” उत्तर देऊ नका. काकडीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा मीठ आणि खाण्याचा सोडा समसमान मिसळून त्यात पुरा. किराणा दुकानातल्या काट्यावर रोज वजन करा. इजिप्तचे लोक वादी नत्रून इथला नेट्रॉन नावाचा खार वापरत, त्यातही मुख्यतः सोडा आणि मीठच. देह त्यात चाळीस दिवस सुकवत, सगळा विधी सत्तर दिवसांचा. वर्गात ढिवराघरचं पोर असेल तर मासोळी कशी वाळवतात ते त्याला माहीत असतं. त्या दिवशी गुरुजी तो, तुम्ही बाकावर बसा.

“गरिबांचं काय करत?” हेही विचारलं जाईल. फार जुन्या काळी साध्या माणसाला तापलेल्या वाळूत पुरत आणि वाळूच त्याला सुकवून टाकी, फुकटात. ब्रिटिश म्युझियममधला गेबेलिनचा माणूस असाच पाच हजारांहून अधिक वर्षं टिकला. आपल्या मातीत चार महिने पाऊस मुरतो, इथे कुणी टिकणार नाही, हा निष्कर्ष पोरं स्वतः काढतात. काढू द्या.

मांजरांच्या ममींसाठी थोडा वेळ राखा. १८९० साली सुमारे १ लाख ८० हजार मांजर-ममी जहाजाने लिव्हरपूलला नेल्या आणि शेतात खत म्हणून विकल्या. युरियासाठी रांगेत उभं राहिलेल्या बापाच्या पोरांना याची किंमत पहिला प्रश्न म्हणून विचारावीशी वाटते.

तपासणीला आलेले साहेब अध्ययन निष्पत्ती विचारतील. वाळलेली काकडी दाखवा.

शेवटी एखादी पोरगी विचारेल, वडोदऱ्याच्या ममीला तिच्या घरी परत काहून नाही पाठवत. पुस्तकाच्या मागे याचं उत्तर छापलेलं नसतं. ३ एप्रिल २०२१ला कैरोत २२ राजे-राण्यांच्या ममी मिरवणुकीने एका संग्रहालयातून दुसऱ्या संग्रहालयात नेल्या, एवढं सांगा आणि वर्गाला भांडू द्या. घंटा झाली तरी फळ्यावर उत्तर लिहू नका.