गोगलगाईचं बारसं: नवशिक्यांसाठी

समुद्रातल्या एखाद्या गोगलगाईला आपण ठेवलेलं नाव जगभर चालावं, असं तुम्हाला वाटू लागलं असेल तर लाजू नका. वाघ-सिंहांची बारशी लिनिअसने १७५८ सालीच उरकून टाकली. आपल्यासाठी गोगलगाई उरल्यात, आणि भरपूर उरल्यात. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ एवढं येतं ना? निम्मं शास्त्र झालं. गॅस्ट्रोपोडा या भारदस्त ग्रीक नावाचा अर्थही पोट-पाय असाच आहे.

१. गोगलगाय पकडा. घाबरू नका, ती पळत नाही. मात्र बारीक बघून घ्या, कारण मोठे देखणे शंख हौशी मंडळींनी केव्हाच वेचून नेलेत. न्यू कॅलिडोनियाच्या एका किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी २९५ चौरस किलोमीटरांत मृदुकाय प्राण्यांच्या २,७३८ जाती गोळा केल्या, आणि दर पाचांतल्या एका जातीचा एकुलता एकच नमुना हाती आला. तुम्हालाही एकच मिळाली तर हिरमुसू नका. दुसरी मिळाली की ती पहिलीसारखी दिसत नाही आणि नसता घोळ होतो.

२. स्पिरिटच्या बाटलीत घाला, कुठे-कधी मिळाली ते लेबलावर लिहा, कपाटात ठेवा आणि विसरा. विसरण्याची ही पायरी कुठल्याच पुस्तकात नसते, पण पाळतात सगळे. नमुना गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२च्या एका अभ्यासात निघालं. हिंदी महासागराच्या तळाशी, उकळत्या झऱ्यांपाशी, पायावर लोह सल्फाइडचे खवले मिरवणारी गोगलगाय २००१ मध्ये सापडली. असं चिलखत दुसऱ्या कुठल्या गोगलगाईला नाही, म्हणून तिचं घाईने, २०१५ मध्येच, रीतसर बारसं झालं. २०१९ मध्ये ती धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत गेली.

३. दात बघा. गोगलगाईच्या जिभेवर दातांची पट्टी असते, जात ओळखायला ती कामी येते. मांस दाहक द्रावणात विरघळवा, मागे केसासारखं काहीतरी उरेल, ते उचला. या वेळी शिंकू नका. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी पट्टीवर सोन्याचा मुलामा चढवतात. आपल्या दाढेत सिमेंट आहे हा विचार मनात आणू नका.

४. आता जात नवी असल्याचं ठरवा. ‘मी कधी पाहिली नव्हती’ एवढा पुरावा पूर्वी पुरत असे. लिटोरिना सॅक्सॅटिलिसचंच घ्या. उत्तर अटलांटिकच्या खडकांवरची ही नखाएवढी गोगलगाय. ऑलिवी नावाच्या तरुण इटालियन पाद्र्याने १७९२ साली व्हेनिसच्या खाजणातून तिचं वर्णन केलं. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण ही बाई अंडी समुद्रात सोडत नाही, पिल्लं पोटातच वाढवते. ती पिल्लं आईच्याच खडकावर रांगतात, त्यामुळे दर खडकाचं घराणं वेगळं. खेकड्यांचा जाच असेल तिथे शंख मोठा आणि जाड. लाटा आपटतात तिथे छोटा, पातळ, पण तोंडाने रुंद, म्हणजे ऐसपैस पाय बाहेर काढून खडकाला चिकटता येतं. खडकाखडकावर अभ्यासू साहेब उतरले आणि ज्याला त्याला ती नवीच दिसली. सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीने २०१५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या एकटीची ११३ नावं निघाली. अष्टोत्तरशत नामावली पुरी करून वर पाच शिल्लक!

तेव्हा जुने ग्रंथ फार वाचू नका. वाचलं की जात जुनी निघते.

५. नाव ठेवा. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी सहसा ‘आय’ हे अक्षर लावतात, बाईच्या असेल तर ‘ए’ आणि ‘ई’. उकळत्या झऱ्यांजवळच्या एका काटेरी गोगलगाईला जो स्ट्रमर या पंक गायकाचं नाव मिळालंय. बंगाल-ओडिशाच्या किनाऱ्यावरची सात मिलिमीटरांपर्यंतची मेलानोक्लॅमिस द्रौपदी आपल्या राष्ट्रपतींच्या नावाने ओळखली जाते. स्वतःचं नाव द्यायला नियमाने बंदी नाही, फक्त लोक हसतात. म्हणून एक मित्र धरा. त्याच्या गोगलगाईला तुमचं नाव, तुमच्या गोगलगाईला त्याचं.

६. मूळ नमुना संग्रहालयात जमा करा. पावती घ्या.

७. नाव छापून आलं की त्यापुढे तुमचं आडनाव आणि साल लागतं. ते पान लगेच फ्रेम करून घ्या. जोडनावातला पहिला शब्द म्हणजे गोगलगाईचं गोत्र, आणि उद्या कुणी तिला दुसऱ्या गोत्रात दत्तक दिलं की तुमचं आडनाव कंसात जातं. ऑलिवीने त्याच्या गोगलगाईला टर्बो गोत्रात घातलं होतं. आज तिचं नाव असं लिहितात: लिटोरिना सॅक्सॅटिलिस (ऑलिवी, १७९२).