टर्बो गेला म्हणे!

"काय वहिनी, गाडी परवापासून जागची हलली नाही?"

"काय सांगू नाना! गॅरेजवाला म्हणतो, टर्बो गेला. बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली, स्कॅनर लावला आणि निकाल देऊन मोकळा. तीस-चाळीस हजारांची भाषा करतोय."

"स्कॅनरवर काय आलं?"

"हा बघा फोटो. पी०२९९."

"म्हणजे बूस्ट कमी. का कमी, ते स्कॅनर सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं, पण वाकायचं कोणी?"

नानांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपात गेली. कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे राहिले की आपलं कुकर-बिकर विसरायचं.

"गाडी करते काय, ते सांगा आधी."

"सपाटीला काही नाही हो. पण यवतेश्वरचा घाट लागला की दम संपतो. पूर्वी दोन हजार आरपीएमच्या आसपास कशी उचलायची! आता तिसऱ्या गिअरमध्ये नुसती कण्हते. आणि मागे हा धूर."

"काळा की निळा?"

"काळाकुट्ट."

"मग निम्मं काम झालं. निळा असता तर ऑइल जळतंय म्हणून मीही टर्बोकडेच बोट दाखवलं असतं. काळा म्हणजे डिझेल पुरेपूर, हवा अपुरी. आवाज येतो का काही?"

"जोरात पाय दिला की फुस्स्स होतं. उभ्या गाडीत नाही."

"वहिनी, टर्बो ठणठणीत आहे तुमचा! तो बिचारा हवा दाबतोय, ती वाटेत सांडतेय."

आता नाना भिंतीपलीकडे थांबणार थोडेच? फाटकातून आत आले, बॉनेट उघडलं. माझी गाडी २०१० सालची, १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाची. या इंजिनावर नानांचा फार जीव. मूळ फियाटचं, स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोतही तेच. लोक त्याला कौतुकाने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. बीएस-६ आलं आणि २०२० मध्ये ते बंद पडलं, याचं दुःख नानांना अजून आहे.

"हे बघा. टर्बोतून हवा इंटरकूलरला जाते, गार होते, मग इंजिनात. मधे हे रबरी पाइप. इतक्या वर्षांची उष्णता आणि आतून ऑइलची वाफ. रबराने किती सोसायचं?"

खालच्या वळणावर त्यांनी बॅटरीचा उजेड धरला. बाकी पाइप कोरडा, तिथे मात्र ओलसर काळी धूळ बसलेली. फडक्याने पुसून नानांनी दोन्ही अंगठ्यांनी ते वळण दाबलं, तर रबर उकललं आणि बोटभर चीर दिसली. अंगठे काढले की चीर गायब. उभ्या गाडीत ती कशी दिसणार? आतून दाब आला की मगच तोंड उघडते.

"पण नाना, पाइपात ऑइल आहे, म्हणून टर्बो गेला, असं तो म्हणाला."

"आतून थोडा ओशटपणा असतोच. इंजिनाची वाफ त्याच वाटेने जाते. वाटीभर निघालं तर काळजी करा. टर्बोच तपासायचा असेल तर इंजिन बंद आणि गार असताना एअर फिल्टरकडचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. आत-बाहेर हलला किंवा पाती बाजूला घासली असली, तर मात्र गेला. ते बघितलं का त्याने?"

कसलं बघतोय! हातसुद्धा काळे झाले नव्हते त्याचे.

"कोपऱ्यावरच्या मास्तरांचं ऐकलंत ना?"

"हळू बोला नाना, त्यांची सूनबाई गच्चीवर आहे."

"असू दे. त्यांच्या मोठ्या गाडीत व्हेन हलणारा टर्बो. नवा बसवला, पैसे मोजले, आणि गाडी तशीच! शेवटी सापडलं काय? व्हेन हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा व्हॅक्यूमचा पाइप, करंगळीहून बारीक, टोकाशी तडकलेला. आणि त्यांच्या साडूंची तर वेगळीच कथा. त्यांचा टर्बो खरंच गेला होता, पण त्याला ऑइल पुरवणारी नळी कार्बनने तुंबलेली. ती तशीच ठेवून नवा टर्बो लावला. तोही गेला!"

"अगं बाई! मास्तर तर सांगत होते की गाडी एकदम मस्त झाली."

"पैसे गेल्यावर माणूस दुसरं काय सांगणार?"

सूनबाई आत गेली असावी. नानांनी आवाज आणखी चढवला.

"पाइप नवा घ्या, क्लिपाही नव्या घाला. एअर फिल्टर बघा. तरी ओढली नाही तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलाय का ते बघायचं, मग प्रेशर सेन्सर. टर्बोला हात सगळ्यात शेवटी. आणि फाटका पाइप गॅरेजवाल्याकडून परत मागून आणा."

"रविवारी मात्र कासला जायचं ठरलंय हो. हळूहळू गेलो तर?"

"अजिबात नाही. गळतीमुळे दाब कमी पडतो, तो भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो. अशीच घाटात रेटलीत, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं तुम्हीच खरं कराल."