टेंभापुरीचे दर्यावर्दी

दिवाळी सरते, पहाटे पांघरूण नाकापर्यंत ओढावंसं वाटायला लागतं आणि बजाजनगरात कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. फर्स्ट शिफ्टची बस गाठायला निघालेली माणसं मफलरात तोंड खुपसून चालत असतात. त्यांच्या उलट दिशेने आमचे अण्णा निघतात. डोक्याला माकडटोपी, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, जुन्या एम-एटीच्या मागे दोरीने आवळलेलं भलंमोठं बोचकं. कॉलनीत नवीन राहायला आलेला एक पोरगा एकदा काळजीने विचारता झाला, "काका, कुठं पूर आला का?"

"थंडीत कुठला आलाय पूर?" अण्णा म्हणाले. "म्हणून तर चाललोय."

अण्णा म्हणजे आमच्या कॉलनीतले दर्यावर्दी. जन्म बीड जिल्ह्यातला, नोकरी वाळूजच्या टूलरूममध्ये, समुद्र पाहिला तो थेट लग्नानंतर आणि तोही गाडी लवकर सुटणार म्हणून घाईघाईत. पण रिटायर झाल्यावर लोक गुडघ्यांकडे किंवा देवाकडे वळतात, तसे अण्णा पाण्याकडे वळले. आधी फुगवायची कयाक आली. बोचक्यात असते ती हीच. मग वाचन आलं, आणि वाचनामागून नियम आले.

हिवाळाच का, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. पावसाळ्यात पाणी गढूळ, ओढ्यानाल्यांचा भरवसा नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, काठाला गुडघाभर गाळ, वर बेचाळीसचं ऊन. राहिले मधले तीन महिने. तलाव भरलेला, वारं शहाण्यासारखं, आभाळ स्वच्छ. "बाकी नऊ महिने तयारीचे," अण्णा सांगतात. काकूंचं म्हणणं, बाराही महिने तयारीचेच.

पैठणचं जायकवाडी धरण एवढं जवळ असताना अण्णा होडी तिकडे का नेत नाहीत, असा प्रश्न विचारण्याची चूक कुणी करू नये. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केलेल्या भूमिपूजनापासून १९७६ साली इंदिरा गांधींनी केलेल्या उद्‌घाटनापर्यंत सगळं ऐकावं लागतं. त्यानंतर दहा किलोमीटर लांबीची भिंत येते, सत्तावीस दरवाजे येतात, आणि गाडी १९८६ वर येऊन थांबते. त्या वर्षी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पक्षी अभयारण्य झालं. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. "एवढ्या लांबून पाव्हणे यायलेत, आणि आपण त्यांच्या ताटात वल्हं घालायचं?" म्हणून पैठणला अण्णा फक्त दुर्बीण घेऊन जातात. होडी जाते ती गंगापूर तालुक्यातल्या टेंभापुरीला. तिथेही जाण्याआधी अर्ज, अर्जाची पोच, पोचेची झेरॉक्स, झेरॉक्सला लॅमिनेशन.

निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिजवर चिठ्ठी लागते. परदेशातल्या नाविकांची ही शिस्त आहे: कुठे जाणार, कोणत्या काठाने, परत कधी, उशीर झाला तर कुणाला फोन करायचा. अण्णांचं अक्षर ड्रॉइंगवरच्या आकड्यांसारखं सुबक. परतीच्या वेळेखाली काकू बॉलपेनने लिहितात, 'येताना मेथी आणि पाव किलो खवा.' अण्णा ते वाचतात आणि परतीची वेळ पंधरा मिनिटांनी वाढवून खाली सही करतात.

त्यांचं लाडकं वाक्य आहे, "हवा बघून नाही, पाणी बघून कपडे घालायचे." ऊन कितीही कोवळं असो, गार पाण्यात पडलं की अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीने झपाट्याने जाते. सुती कपडा भिजला की वैरी, लोकर भिजली तरी थोडी माया ठेवते. म्हणून आत काकूंनी विणलेला स्वेटर, वर रेनकोट, वर जॅकेट. चहाच्या टपरीवर ते गॉर्डन गीसब्रेख्त या कॅनडातल्या प्राध्यापकाचा एक-दहा-एकचा हिशेब समजावून सांगतात. बर्फासारख्या पाण्यात पडलात तर पहिलं एक मिनिट फक्त श्वास सांभाळा, कारण गारठ्याने धाप लागते आणि नाकातोंडात पाणी जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात सुटका करून घ्या. आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर आहे, म्हणून घाबरू नका.

टपरीवाल्याने एकदा विचारलंच, "अण्णा, आपल्या टेंभापुरीचं पाणी किती गार असतं?"

अण्णांकडे कूलंटच्या टाकीत बुडवायचा जुना थर्मामीटर आहे. त्यांनी खरं ते सांगितलं. हवा दहा, पाणी वीस. म्हणजे पहाटे काठावर उभं राहण्यापेक्षा पाण्यात पडलेलं उबदार! पाण्यावर वाफ तरंगते ती त्यामुळेच. टपरी हसली. अण्णा हसले नाहीत. "विसालाबी धाप लागती. आणि भिजून बाहेर आल्यावर पुन्हा हवा दहाचीच असती की." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. चहाचे पैसे मात्र त्या दिवशी अण्णांनीच दिले.

कयाक पंक्चर झाली तेव्हाचा प्रसंग कॉलनीत अजून सांगतात. पंक्चरवाल्याने बोचकं उलगडून पाहिलं आणि धंद्याला शोभेल असा प्रश्न केला, "ट्यूबलेस आहे का?" त्याच्या घमेल्यात होडी मावेना. शेवटी साबणाचा फेस करून सगळ्या अंगाला चोपडला. दोन माणसं वाकून बुडबुडा शोधतायत आणि मागे हवा भरायला थांबलेल्या गाड्यांची रांग लागलीय. छिद्र सापडल्यावर रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. पंक्चरवाल्याने नेहमीचाच दर लावला, पण वर बजावलं, "रस्त्यावर चालवू नका."

पुढे कयाकवर भागेना. शिडाची होडी हवी झाली. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने पोरांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची छोटी होडी आखली. अट एवढीच की प्लायच्या दोन शीटमध्ये बसली पाहिजे. हे वाचल्यावर टूलरूमचा माणूस झोपेल कसा? गच्चीवर मरीन प्लाय आला. शेजाऱ्यांची झोप गेली, आणि गावठाणातल्या सुताराने चार महिने 'देव्हारा आहे का दिवाण?' या शंकेत काढले. सुकाणूचे बिजागर अण्णांनी स्वतः घासले, इतके नेमके की मधून कागद सरकणार नाही. प्रश्न राहिला शिडाचा. हवं पस्तीस चौरस फूट मजबूत कापड. ते वडगाव कोल्हाटीच्या रस्त्यावर वाढदिवस उलटून गेल्यावरही लटकत होतं. रीतसर परवानगी काढून अण्णांनी फ्लेक्स उतरवून आणला. तेव्हापासून टेंभापुरीच्या पाण्यावर एक भावी सरपंच हात जोडून फिरतात.

छोट्या हत्तीतून होडी काठावर आली. दोन मीटर तीस सेंटिमीटरच्या त्या होडीत, पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केलेल्या जागेत, अण्णा टबात बसवलेल्या बाळासारखे गुडघे हनुवटीला लावून बसले. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. आधी डावं, मग उजवं, अशी नागमोडी काढत वर चढावं लागतं. प्रत्येक वळणाला फ्लेक्स फडाडायचा आणि भावी सरपंच बाजू बदलायचे. काठावर आम्ही हुरडा भाजत बसलो होतो. शेतमालक म्हणाला, "हे बरंय. निवडणुकीआधीच दिसायलंय कसं होणार ते."

अकराच्या सुमाराला वारं पडलं. अण्णा तलावाच्या मधोमध. वल्हं बरोबर होतं, पण 'शिडाच्या होडीला वल्हं लावणं म्हणजे हार' असा नियम त्यांनीच कुठेतरी वाचलेला. थर्माकोलच्या तराफ्यावरून एक मासेमार भोई जाळं काढत होता. बनियन, मफलर, उघडे पाय. तो जवळ आला, सगळा सरंजाम न्याहाळला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, कोणत्या खात्याचे?" मग दोर बांधून त्याने साहेबांना, होडीला आणि भावी सरपंचांना काठाला आणून लावलं. अण्णांनी हुरड्याचा पहिला द्रोण त्याला दिला. पुढच्या खेपेला एक लाइफ जॅकेटही दिलं. आता तो ते रोज घालतो. बुडण्याची त्याला भीती नाही, पण म्हणतो, "छातीला लई ऊब येती."

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते कात्रण अण्णांच्या पाकिटात आहे. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला वल्हं मारायला गेला, तेही कात्रण आहे. कुणी टर उडवली की पाकीट उघडतं. पण मला पटतं ते वेगळंच. आपल्याकडे पेपर उघडला की माणूस जायकवाडीचा टक्का बघतो: पिण्याला पुरेल का, कंपन्यांना कपात होईल का, रब्बीला आवर्तन सुटेल का. पाणी म्हटलं की आपल्याला हिशेबच आठवतो, आणि त्यात काही चूकही नाही. सबंध कॉलनीत तोच टक्का वाचून ज्याच्या चेहऱ्यावर हसू येतं असा माणूस एकच.

आणि दुष्काळी साली? टेंभापुरी कोरडं पडलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता अण्णा खचणार. ते सकाळी नेहमीच्या वेळेला निघाले. फ्रिजवर चिठ्ठी होती. बरोबर टेप, दोरी, चुन्याची पिशवी. भेगाळलेल्या तळातून चालत त्यांनी कुठे खडक, कुठे बाभळीचे बुंधे, कुठे जुन्या विहिरीचा कठडा, सगळं मोजलं. पुन्हा भरल्यावर होडी आपटायला नको! दोन हिवाळे खपून तळाचा नकाशा तयार झाला आणि फ्रेम होऊन बैठकीच्या खोलीत लागला.

परवा त्यांच्याकडे सोयरिकीची माणसं आली होती. वाळूजची हवाच अशी की भिंतीवर नकाशा दिसला की माणसाला तो लेआउटच वाटतो. मुलाच्या मामांनी चष्मा पुसून बारकाईने पाहिलं आणि हळूच विचारलं, "जागा मोक्याची दिसते. एनए आहे का?"

"सध्या आहे," अण्णा म्हणाले. "पाऊस चांगला झाला की बुडीत."