अकरा भागांचं दैवत

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांत एक पोटजात अशी आहे, की तिच्यातला माणूस गिटारविषयी फारसं बोलतच नाही. तो बोलतो पायाशी पडलेल्या डबीविषयी. ही डबी म्हणजे फझ पेडल. गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे ती बसते. पायानं बटण दाबलं, की गिटारच्या स्वच्छ सुराची लहर ती इतकी फुगवते की लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि पलीकडून निघणारा आवाज खरखरीत, दाट आणि जरासा उर्मट असतो. नवी कोरी फझ पेडलं बाजारात ढिगानं मिळतात. पण ह्या गृहस्थाला १९६६ सालचं पेडल हवं असतं. ते परवडत नसेल तर तसंच दिसणारं, तसंच वाजणारं आणि शक्य तर तसंच मधूनमधून बंद पडणारं. कुणी पेडल हातात दिलं तर तो आधी ते उलटं करतो, तळाचा स्क्रू काढतो आणि ट्रान्झिस्टरवरचे अंक वाचतो. अंक मनासारखे निघाले, तर न वाजवताच आवाज उत्तम असल्याचं जाहीर करतो. मग एक ई कॉर्ड छेडतो, डोळे मिटून ती विरेपर्यंत ऐकतो आणि पेडल पुन्हा उघडतो. त्यानं अख्खं गाणं वाजवलेलं कुणी ऐकलेलं नसतं, कारण गाणं सुरू व्हायच्या आत बॅटरी बदलायची वेळ येते. बॅटरीसुद्धा ताजी, दमदार चालत नाही. जुन्या पद्धतीची कार्बन-झिंकची लागते, आणि तीही थोडी उतरलेली.

ह्या माणसाची टिंगल करणं सोपं आहे, आणि निम्मी टिंगल रास्तही आहे. पण निम्मी कुठली, हे ठरवायला हवं. बहुतेक लोक त्याच्या कानाला हसतात; असले बारकावे ऐकू येतात तरी का, म्हणून. माझ्या मते त्याचा कान बहुतांशी खरं सांगतो, खोटा आहे तो त्याच्या डोक्यातला इतिहास. जुन्या लोकांनी तपश्चर्या करून एक परिपूर्ण आवाज घडवला आणि नंतरच्या नफेखोर जगानं तो घालवला, अशी त्याची श्रद्धा आहे. प्रत्यक्षात १९६० च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांनी वाजवलेला बासचा तुकडा फाटून आला. तो तसाच राहू दिला गेला, १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि इतरांनाही तोच आवाज हवासा झाला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांना हाताशी धरून तो बिघाड हुकमी घडवणारं सर्किट बनवलं, ते गिब्सन कंपनीनं घेतलं आणि १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आलं. आपण नेमकं काय विकतोय, हे गिब्सनलाही उमगलं नव्हतं. ह्या पेडलमुळे गिटारमधून ट्युबा निघेल, चेलो निघेल, अशी त्याची जाहिरात झाली. गिटारमधून ट्युबा काढायची निकड फारशी कुणाला नव्हती, त्यामुळे पेडलं दुकानांत पडून राहिली. १९६५ मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट त्यातून वाजवली, तीही इथं पुढं ब्रास वाद्यं भरायची आहेत एवढ्या खुणेपुरती. खूणच गाण्यात राहिली आणि पेडलं खपू लागली. एक बिघाड, एक फसलेली जाहिरात आणि एक कच्चा खर्डा, असं ह्या थोर घराण्याचं मूळ आहे.

आपल्या पेडलभक्ताचं मुख्य दैवत म्हणजे फझ फेस नावाचं पेडल. हे १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीनं काढलं. त्याच्या गोल डब्याचा आकार माइकच्या स्टँडच्या बैठकीवरून घेतलेला. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरत्या खुंट्या: एकूण अकरा भाग. त्यातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तेव्हा इतके बेभरवशाचे होते की एकाच नंबराच्या दोन नगांच्या गुणांत मोठी तफावत असे. म्हणून एकाच वेळी बनलेल्या दोन फझ फेसपैकी एक गाई आणि दुसरं खोकल्यासारखा आवाज काढी. आपला भक्त ज्याला कारागिरी म्हणतो, त्यातला मोठा वाटा नशिबाचा होता.

मग हा सगळा भ्रमच का? तसं मात्र नाही. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून थोडा विद्युतप्रवाह सतत झिरपत असतो आणि तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. मुंबईच्या मे महिन्यात आणि जानेवारीत एकच पेडल वेगळं वाजतं, ही तक्रार भौतिकशास्त्राला मान्य आहे. पेडलला एसीच्या झोतात ठेवून स्वतः घामाघूम होणारा माणूस वेडा दिसला, तरी त्याचा हिशेब बरोबर असतो. फझ फेस गिटारला थेट जोडायचं, मधे दुसरं काही नको, हा त्याचा हट्टही खरा. ह्या सर्किटची जडणघडण अशी आहे की गिटारच्या पिकअपमधलं वेटोळं जणू त्याचाच भाग होऊन जातं. म्हणून गिटारवरची आवाजाची खुंटी थोडी मागे घेतली की खरखर विरते आणि सूर जवळजवळ नितळ होतो. मधे बफर, म्हणजे गिटार आणि पेडल यांना विलग करणारं सर्किट, आला की ही किमया जाते. बॅटरी उतरली की व्होल्टेज घटतं, ट्रान्झिस्टरची बैठक सरकते आणि आवाज बदलतो, हेही खरं. बॅटरी कुठल्या कंपनीची आहे हेसुद्धा ऐकू येतं असं तो सांगू लागला, की तिथं मात्र शास्त्र त्याचा हात सोडतं. व्होल्टेज ऐकू येतं. लेबल येत नाही.

चांगला सूर बिघडवायला पैसे कशाला मोजायचे, हा आक्षेप निदान आपल्याकडे कुणी घेऊ नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा त्याचाही खटाटोप हाच असतो. तार घोडीला अलगद घासत राहावी, मूळ स्वरावर वरच्या स्वरांची दाटी व्हावी, म्हणून तो घोडी घासतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. नुसता स्वच्छ स्वर आपल्यालाही अळणीच लागतो. फरक पुढं आहे. जवारी खुली हवी की बंद, हे गवई सांगतो. ती कुठल्या सालची आहे, असं विचारत नाही. वाजवून वाजवून जवारी उतरते आणि पुन्हा काढावी लागते. तिचा निवाडा कान करतो.

नेमका इथंच आपला भक्त घसरतो. इतका तयार कान असूनही निकाल तो अंकांकडून मागतो. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर एनकेटी २७५ हे अंक दिसले की हात जोडतो. अंक तर कुणालाही पुन्हा छापता येतात. ट्रान्झिस्टरची गळती आणि वर्धनक्षमता साध्या उपकरणानं मोजून योग्य जोडी निवडली, तर दुसऱ्या नंबराचे जर्मेनियम ट्रान्झिस्टरही तितकेच छान वाजतात. ‘पण मला फझ फेस वाजवणाऱ्या गिटारवादक हेंड्रिक्सचाच आवाज हवा,’ असं तो म्हणेल. मग कुठल्या वर्षाचे हेंड्रिक्स, तेवढं सांगावं. कारण जर्मेनियमला चिकटून न राहता पुढं त्यांनी सिलिकॉनची फझ फेसही वापरली आणि तंत्रज्ञ रॉजर मेयर यांच्याकडून आपल्या पेडलांत फेरफार करून घेतले. शिवाय तो आवाज मोठ्या सभागृहात, कानठळ्या बसवणाऱ्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून निघालेला आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या धाकानं अॅम्प एकवर ठेवून १९६७ शोधणाऱ्याला आधी ट्रान्झिस्टर नव्हे, सोसायटी बदलावी लागेल.

ह्यातून निष्कर्ष एवढाच निघतो, की स्नॉडी, रिचर्ड्स, हेंड्रिक्स ह्यांच्यापैकी कुणीही जुनं काही शोधत नव्हतं. हाताशी होतं ते त्यांनी वाकडं वापरलं आणि कानाला पटलं ते ठेवलं. त्यांचा खरा वारस शोधायचा तर जुने अंक जपणाऱ्याकडे न जाता, फोनमधल्या फुकट अॅपचे सगळे आकडे शेवटाला नेऊन भलताच कर्कश आवाज काढणाऱ्या पोराकडे जावं लागतं. बहुधा तो पोरगा आपल्या भक्ताच्याच घरात, पलीकडच्या खोलीत असतो, आणि ‘तो गोंगाट आधी बंद कर, मला इथं फझ ऐकू येत नाहीये,’ असं त्याला दिवसातून दोनदा ऐकावं लागतं.