वात भिजू दे

मी इंग्लंडात रेडिंग नावाच्या गावात राहतो. इंग्रजीत लिहिताना ते अक्षरशः 'रीडिंग'च दिसतं, त्यामुळे आई पुण्यात सगळ्यांना "मुलगा रीडिंगला असतो" असं सांगते. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची त्यामुळे अशी समजूत आहे, की सत्तेचाळिसाव्या वर्षीही माझा अभ्यास आटपलेला नाही.

त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही. गेली जवळजवळ तीन वर्षं मी व्हेपचा अभ्यास करतोय.

सिगारेट मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी धरली. तेव्हा त्यासाठी लागणारं साहित्य म्हणजे खिशातली चिल्लर. टपरीपुढे उभं राहायचं, काही बोलायचं नाही, टपरीवाला आपला ब्रँड ओळखून एक सुटी पुढे करायचा. पेटवायला शेजारच्या खांबाला काथ्याची दोरी लटकत असायची, तिचं टोक दिवसभर धुमसत असायचं. म्हणजे काडेपेटीचाही खर्च नाही. पदरचं घालायचं ते फक्त बडीशेपेला, घरी शिरण्यापूर्वी. आईला आजवर पत्ता लागला नाही, या श्रद्धेवर मी पंचवीस वर्षं काढली.

रेडिंगच्या दवाखान्यात नर्सबाईंनी मला एका यंत्रात फुंकायला लावलं आणि आलेला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघून, वर्गात नापासांची यादी वाचतात त्या आवाजात विचारलं, "व्हेपचा विचार केलाय का?" जो ओढतच नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये, हेही त्यांनी बजावलं, पण माझ्याकडे पाहून ते सांगायची फार गरज त्यांना वाटली नसावी. मी लगेच स्वतःच्या पैशाने सुरुवात केली. दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, सरकारने दहा लाख सिगारेटवाल्यांना व्हेपचा संच फुकट द्यायची योजना जाहीर केली. निकोटिनचं व्यसन सुटेल एक वेळ, पण हा सल जायचा नाही.

तर साहित्य. एक बॅटरी, तिच्यावर एक इवलीशी टाकी. इथल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे टाकी २ मिलीहून मोठी चालत नाही, म्हणजे आचमनाच्या पळीएवढीच. टाकीत कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि तारेला बिलगून कापूस. कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ निघते. थोडक्यात समईच, फक्त ज्योत नाही आणि पुण्य नाही.

पहिली खरेदी मी अर्थातच ऑनलाइन केली. दुकानात माणूस असतो आणि माणसाला आपलं अज्ञान दिसतं. रात्री साडेबारा वाजता पडद्यापुढे बसून मी एका संकेतस्थळावर दर मिलीचा भाव काढला. १० मिलीची बाटली तीन पौंड आणि ५० मिलीची नऊ पौंड! हे सगळ्यांना कसं दिसत नाही, या विचाराने मला जगाची कीव आली. मोठी बाटली घेतली. कॉइलचं पाकीट घेतलं. बेरीज साडेसतरा. वीस पौंडांच्या वर पोस्टेज फुकट, नाहीतर तीन पौंड. आता तीन पौंड निव्वळ टपालाला घालवणं आमच्या रक्तात नाही. म्हणून साडेतीन पौंडांचं जपानी ऑरगॅनिक कापसाचं पाकीट टोपलीत टाकलं. तो कापूस स्वतःच्या हाताने कॉइल बांधणाऱ्या शौकिनांसाठी असतो; माझ्या कॉइलमध्ये तो कारखान्यातूनच भरून येतो. या व्यवहारात अर्ध्या पौंडाची खोट आली, असं बायकोचं म्हणणं. माझं म्हणणं, घरात वस्तू तरी आली.

मग संकेतस्थळाने माझं वय अठराच्या वर असल्याचा पुरावा मागितला. मी परवान्याचा फोटो पाठवला. त्यातलं टक्कल पाहूनही त्यांची खात्री पटायला एक दिवस लागला.

पार्सल आलं. कॉइल बसवली, टाकी भरली, बटण दाबून ओढलं, आणि घशात तेल संपलेल्या समईची वात जळली. ज्यांच्या घरी देवघर आहे त्यांना तो वास माहीत असेल. तो वास आपण बाहेरून घेतो, मी तो आतून घेतला. दुसरी कॉइल लावली, ती तासाभरात करपली. तिसरी कशीबशी चालली, पण मन लागेना. तीन दिवस मी ढगांवर ढग सोडत होतो आणि तरीही घरातल्या प्रत्येकावर खेकसत होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तू एक तर सिगारेट ओढ, नाहीतर त्या दुकानात जा. पण या घरात असा बसू नकोस."

दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एका केशकर्तनालयाच्या आणि एका पोलिश वाण्याच्या मध्ये. आत कस्टर्ड, पुदिना आणि कसल्याशा निळ्या फळाचा वास. गल्ल्यावर पंचविशीतला, गळ्यापर्यंत गोंदवलेला, दाढीवाला मुलगा. इथल्या रिवाजाप्रमाणे तो सगळ्यांनाच 'मेट' म्हणतो, त्यामुळे माझ्या वयाचा मान राखण्याचा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही.

त्याने माझी बाटली उजेडात धरली. वैद्य नाडी बघतात तसा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "यात शॉट घातलास का?"

"कसला शॉट?"

त्याने पावतीची मागची बाजू पुढे ओढली आणि पेन्सिलीने मांडून दाखवलं. निकोटिन असलेली बाटली १० मिलीहून मोठी विकायची नाही, हा कायदा. म्हणून मोठ्या बाटल्या निकोटिनशिवाय येतात आणि वर मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते. त्या जागेत १८ मिलिग्रॅमची १० मिलीची छोटी बाटली आपण ओतायची. १८ गुणिले १० बरोबर १८०, भागिले ६०, मिलीला ३ मिलिग्रॅम. चौथीतलं गणित. मी दर मिलीचा भाव दोन दशांश स्थळांपर्यंत काढला होता आणि मिलीत आहे काय, हे बघितलंच नव्हतं. तीन दिवस मी नऊ पौंडांची सुगंधी वाफ घेत होतो.

"शिवाय हे सत्तर-तीसचं आहे," तो म्हणाला. म्हणजे सत्तर टक्के ग्लिसरिन. पाकासारखं घट्ट. मोठ्या यंत्राला चालतं, माझ्या लहानग्या कॉइलच्या कापसाला ते झिरपत नाही. मला पन्नास-पन्नास हवं. "आणि नवी कॉइल घातल्यावर थांबलास किती वेळ?"

"थांबायचं असतं?"

त्याने एक नवी कॉइल काढली, कापसाच्या भोकांवर लिक्विडचे चार थेंब सोडले, टाकी भरली, आणि ती गल्ल्यावर उभी करून ठेवली. "दहा मिनिटं. भिजू दे."

भिजू दे! लहानपणी आजी हेच सांगत असे. कोरडी वात पेटवू नये, तेलात बुडवून मग लावावी. चार पिढ्यांचं घरचं ज्ञान होतं माझ्याकडे, ते मला एका गोंदवलेल्या मुलाने रेडिंगमध्ये परत दिलं, कॉइलच्या किमतीत.

त्या दहा मिनिटांत त्याने मला लिक्विडं हुंगवली, अत्तरवाला फाया देतो तशी एकेक बाटली नाकाखाली धरून. एकीवर आंबा होता. मी वास घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की हा हापूस नव्हे. हा शाळेच्या सहलीत बरणीतून सांडलेला आंब्याचा स्क्वॅश आहे. तो म्हणाला, "मेट, आंबा म्हणजे आंबा." या विषयावर आमचं आजही पटत नाही. मी तंबाखूचा घेतला. तो तंबाखूसारखा लागत नाही, पण निदान माझ्या बालपणीच्या कुठल्याच फळाचा अपमान करत नाही.

ऑनलाइनच्या बाजूने बोलायचं तर भाव खरोखर कमी. इथल्या कायद्याने घरपोच मागवलेला माल चौदा दिवसांत परत करता येतो; दुकानातून हौसेने आणलेला, त्यात खोट नसेल तर, दुकानदाराच्या मर्जीवर. पण पाकीट फोडून दोन कॉइली जाळल्यावर परत काय करणार, राख?

खरी गोम वेगळीच आहे. संकेतस्थळाला मी पाठ झालोय. उघडल्याबरोबर ते विचारतं, मागच्या वेळचंच पुन्हा पाठवू का? बारा मिलिग्रॅम? पाच घ्या, एकावर सूट. आणि वीस पौंडांची ती रेघ गाठायला मी दर महिन्याला लागतं त्यापेक्षा जास्त मागवत होतो, आणि आणलेलं वाया जाऊ नये म्हणून जास्त ओढत होतो. दाढीवाला मात्र एके दिवशी बाटली हातात घेऊन म्हणाला, "सहा महिने झाले बारावर. आता सहावर ये." मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. त्याने बाराची बाटली मागच्या फळीवर ठेवली आणि सहाची पुढे सरकवली. गिऱ्हाइकाला माल कमी कर म्हणणारा दुकानदार मी पुण्यातही पाहिला होता, पण तिथे त्यामागे त्याची दुपारची झोप असायची.

त्याचं सगळं सरळ चाललंय असंही नाही. १ जून २०२५ ला एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली आणि त्याच्या पाठीमागची रंगीबेरंगी भिंत ओकीबोकी झाली. ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीला २.२० पौंड कर बसायचा ठरलाय. संकेतस्थळाने मला ही बातमी चार वेळा कळवून साठा करायला सांगितलंय, दाढीवाल्याने एकदाच, शिवी देऊन.

पुण्याला जाताना मात्र दुकान की ऑनलाइन हा वादच मिटतो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं सगळंच बंद. म्हणून माझं यंत्र रेडिंगच्या खणात राहतं आणि मी विमानतळावर उतरून टॅक्सी स्टँडपर्यंत पोचतो तोच समोर टपरी. ज्या गोष्टीतून सुटायला मी हे सगळं शिकलो, ती तिथे राजरोस हजर. फक्त महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातल्यापासून कायद्याने अख्खं पाकीट घ्यावं लागतं. म्हणजे तिथेही वीस पौंडांची रेघ आलीच.

गेल्या जूनमध्ये आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. मी व्हेप गॅरेजमध्ये हलवलं आणि बडीशेप पुन्हा सुरू केली. एका दुपारी मी कामावर असताना पार्सल आलं. कुरिअरच्या मुलाने दार उघडणाऱ्या व्यक्तीकडे, नियमाप्रमाणे, अठरा पूर्ण असल्याचा पुरावा मागितला. आई शहात्तर वर्षांची. ती वर जाऊन पासपोर्ट घेऊन आली. संध्याकाळी मला म्हणाली, "जन्मतारीख बघून 'थँक यू' म्हणाला हो. चांगल्या घरचा वाटला."

पार्सल तिने उघडून टेबलावर मांडून ठेवलं होतं. बाटल्या एका रांगेत, कॉइल एका वाटीत. मी सबब शोधत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "बारावी झाल्यावर तुला एकाएकी बडीशेप आवडायला लागली, तेव्हाच कळलं होतं मला. ते राहू दे. हा कापूस कुठून आणलास?"

खणातलं ते जपानी पाकीट तिला सापडलं होतं. तिने चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरला होता आणि पुण्याहून आणलेला कापूस आषाढातच संपला होता. इथल्या सुपरमार्केटातला तिने दोन दिवसांत नापास केला, "तंतूच निघत नाही, नुसता लगदा." माझा अडीच वर्षं पडून असलेला साडेतीन पौंडांचा कापूस मात्र तिने बोटांनी ओढून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. मी लगेच फोन काढला, म्हटलं, आत्ता मागवतो, सहा पाकिटं घेतली की पोस्टेज फुकट.

"न बघता कापूस घेतात का रे?"

म्हणून शुक्रवारी मी माझ्या आईला व्हेपच्या दुकानात घेऊन गेलो. हे वाक्य आयुष्यात कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. नऊवारी नेसलेली बाई आत आल्यावर दाढीवाल्याने आपण होऊन वाफ सोडायची थांबवली. आईने तीन प्रकारचे कापूस मागवले, तिन्ही नाकाशी नेले, दोन बाजूला सारले. तिसऱ्याचा चिमटाभर तुकडा तोडला, तंतू मोकळे केले, मधोमध गोल करून तळहातावर टोक वळलं, आणि काचेच्या गल्ल्यावर एक फुलवात उभी राहिली. सरळ, एकही तंतू बाहेर नाही. पाच सेकंद लागले असतील.

दाढीवाल्याने ती कॉइलच्या चिमट्याने उचलली, फिरवून पाहिली. तो स्वतः कॉइल बांधतो, आणि त्यात कापूस भरण्याच्या हाताबद्दल त्याला थोडा गर्व आहे. "मेट," तो मला हळूच म्हणाला, "शनिवारी गर्दी असते. विचार त्यांना, येतील का?"

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"शनिवारी कामाला याल का म्हणतो."

"शनिवारी माझा उपास असतो. आणि त्याला म्हणावं, चार पाकिटं घेतेय, काही कमी कर."

मी भाषांतर करताना उपास गाळला. त्याने दोन पौंड सोडले. अडीच वर्षांत मला त्याने पिशवीसुद्धा फुकट दिलेली नाही.

पाकिटं घेऊन आम्ही दारापर्यंत आलो आणि आई थांबली.

"अरे," ती म्हणाली, "तुझं तेल घ्यायचं राहिलं ना?"