लाईन गेली, लाईन लागली

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकलेला असतो. दुपारी दोनला कूलर एक आचका देऊन गप्प होतो आणि शेजारच्या गच्चीवरून हाक येते, "काहून बे, तुमचीबी लाईन गेली का?" पुण्या-मुंबईत लाईट जातात, नागपुरात लाईन जाते. तीही कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या समोर धूर सोडत असताना. मग लाईनमनला फोन, तर त्याचीच लाईन बिझी!

बाहेरगावचा पाहुणा इथे पुरता गोंधळतो. 'गावावरून लाईन गेली' म्हणजे रूळ तरी टाकले किंवा टॉवर तरी उभारले. 'गावातली लाईन गेली' म्हणजे अंधार. एका प्रत्ययावर अख्खं गाव प्रगतीला लागतं किंवा मेणबत्ती शोधू लागतं.

इंग्रजांच्या छावणीत तंबूंच्या, बराकींच्या रांगा असत, त्या लाईन्स. मुलकी साहेबांची वस्ती मग सिव्हिल लाईन्स झाली. नागपूरच्या सिव्हिल लाईनीत आज उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, विधानभवन आहे, गर्द झाडीतले बंगले आहेत. रांगेत म्हणावं असं तिथे काही नाही. टाकळीला पोलीस लाईन आहे. इतवारीचा व्यापारी मात्र या भानगडीत पडला नाही. त्याचं दुकान पोहा ओळीत नाहीतर सराफा ओळीत.

रेल्वेची कथा जरा लांबची. 1867 साली मुंबईकडची मोठी लाईन नागपुरात पोचली. पुढे छिंदवाड्याला, नागभीडला जाणारी अडीच फुटी छोटी लाईन आली. 'नॅरोगेज' हा शब्द रेल्वेच्या कागदांवर; प्रवाशांच्या तोंडी छोटी लाईनच. त्या गाड्या आता बंद झाल्या, रूळ मोठे करण्यासाठी उखडले गेले, आणि छोटी इंजिनं मोतीबागेच्या संग्रहालयात जाऊन बसली. मार्च 2019 मध्ये मेट्रो धावली ती ऑरेंज लाईनवर. संत्र्यांच्या शहरात संत्र्याचंच नाव, पण इंग्रजीतून! तिची आणि ॲक्वा लाईनची गाठ सीताबर्डीला पडते.

बाकीचा कारभार क्रियापदं सांभाळतात. तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर लाईन लागते, आगाऊ माणूस ती मोडतो, कॉलेजच्या गेटवर ती मारली जाते. समोरून दिलीच, तर मित्रमंडळी चहा उकळतात. दाखल्याच्या खिडकीवर कारकून सांगतो, "अर्ज ऑनलाईन करा, मग लाईनीत या."

लाईन मारणारं हेच पोरगं उद्या लग्नाच्या बाजारात उभं राहतं. मुलीचे वडील सुपारी कातरत विचारतात, "पोरगा कोणत्या लाईनीत आहे?" उत्तर येतं, "मेडिकल लाईनीत." यात हृदयाचा सर्जन बसतो, औषधाचा दुकानदार बसतो आणि बॅग घेऊन दवाखाने फिरणारा एमआरही बसतो. म्हणून आतून, पडद्याआडून, मुलीची आई विचारते, "ते ठीक आहे हो, पण करते काय तो?"